परमुलखातील मुसहफ (लेखांक सातवा)

चार रकातींच्या नमाजाऐवजी दोन रकाती पढण्याची जी मुभा शरियतीने प्रवाशाला दिली आहे, तिचे विवेचन गेल्या लेखांकात आटोपले. आता प्रवाशाच्या सामानातील एका वस्तूकडे वळू. पनवेल, तळोजे, उरण या टापूतील कोकणी मुसलमानांच्या मोहल्ल्यांत, पूर्वी जहाजावरील खलाशी म्हणून आणि पुढे आखातातील नोकरीपायी, ज्या घरातून कोणी समुद्रापार गेलेच नाही असे घर मुद्दाम शोधावे लागेल. आणि निघणाऱ्याच्या पेटीत कपड्यांच्या वरच्या घडीवर जुजदानात गुंडाळलेला मुसहफ, म्हणजे कुरआन शरीफाची प्रत, ठेवणे हा त्या घरांतील जुना रिवाज आहे.

या रिवाजाशेजारी एक हदीस ठेवली म्हणजे प्रथमदर्शनी विसंगती भासते. अब्दुल्ला इब्न उमर यांनी निवेदन केलेली, बुखारी व मुस्लिम या दोन्ही प्रमाणसंग्रहांत आणि त्यांच्याही पूर्वीच्या इमाम मालिक यांच्या मुवत्त्यात आढळणारी ही हदीस, कुरआन घेऊन शत्रूच्या मुलखात जाण्यास पैगंबरांनी मनाई केल्याचे सांगते. मनाईचे कारणही परंपरेने नमूद केले आहे : ग्रंथ शत्रूच्या हाती पडेल आणि त्याची अवहेलना होईल, ही भीती.

हुकूम आणि त्याचे कारण दोन्ही समोर असता, कारण नाहीसे झाल्यावर हुकूम उरतो की नाही, या प्रश्नावर फकिहांमध्ये मतभेद झाला. मालिक (मृत्यू इ. स. ७९५) यांनी मनाई सरसकट मानली, सैन्य मोठे असो की लहान, त्यांनी सवलत ठेवली नाही. अबू हनीफा यांच्या पंथाने निवाडा परिस्थितीवर सोपवला : मोठ्या, निर्धास्त फौजेबरोबर ग्रंथ नेण्यास हरकत नाही, छोट्या तुकडीने मात्र नेऊ नये. कोकणच्या वाचकाला जवळचा पंथ अर्थातच तिसरा. कारण उत्तर हिंदुस्थानातील बहुसंख्य मुसलमान हनफी असले, तरी अरबी समुद्राच्या व्यापाराने घडलेला कोकणी समाज शाफई आहे. त्या पंथाचे थोर भाष्यकार नववी (मृत्यू इ. स. १२७७) यांनी मुस्लिमच्या संग्रहावरील भाष्यात असा निर्णय दिला आहे, की मनाई भीतीशी निगडित आहे आणि भीती नसेल तेथे ग्रंथ नेण्यात दोष नाही, काही शाफई पंडित मालिक यांच्या बाजूचे होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. परधर्मीय राजाला धाडलेल्या पत्रात आयत लिहिण्यास तर कोणाचीच हरकत नव्हती, कारण रूमचा बादशहा हिरॅक्लियस याला पैगंबरांनी पाठवलेल्या खलित्यातच आले इम्रान या सूरेतील एक आयत होती.

माझ्या मते मालिक यांच्या कठोरपणाला हेकटपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या काळी प्रत्येक प्रत हाताने लिहिली जाई, त्या काळी एक प्रत गमावणे म्हणजे कोणा लेखकाचे कित्येक महिन्यांचे श्रम गमावणे होते. मुद्रणाने हे चित्र पालटले, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांत छापलेले कुरआन पूर्व आफ्रिकेपासून मलायाकडील बेटांपर्यंत गलबतांनी व आगबोटींनी जात. ज्या वस्तूच्या परदेशगमनाविषयी फकीह शतकानुशतके वाद घालत आले, ती वस्तू या बंदरातून व्यापारी मालाप्रमाणे रवाना होत होती! १९९५ साली मुंबई-जिद्दा हजची समुद्रयात्रा बंद पडली. आज हाजी विमानाने जातात, आणि मदिनेच्या शाही मुद्रणालयात छापलेला कुरआन परतताना सौदी सरकारची भेट म्हणून घेऊन येतात.

उरतो तो अदब. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमाने सुटू लागली, तेव्हा तेथील प्रवाशालाही हा तपशील उपयोगी पडेल. वुजू नसता मुसहफाला हात लावू नये, हा सर्वमान्य दंडक. परंतु नववींच्या ‘मिन्हाज’मध्ये, इतर सामानाबरोबर मुसहफ वाहून नेण्यास मुभा आहे, तशीच ती तफसीर व आयती कोरलेली नाणी बाळगण्यासही आहे. अर्थात कपड्यांबरोबर बॅगेत ठेवलेला कुरआन घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या शाफई माणसाने वुजू मोडल्यास धास्तावण्याचे कारण नाही. बॅग विमानाच्या पोटात टाकण्यापेक्षा ग्रंथ हातातल्या थैलीत, पादत्राणांपासून दूर आणि वरच्या बाजूस ठेवावा, शौचालयात जाताना तो सोबत्याजवळ द्यावा, हे सांगण्यास मुफ्ती नको, घरातली वडीलधारी माणसे पुरेशी आहेत. भ्रमणध्वनीतील कुरआनाबद्दल बहुतेक समकालीन मुफ्तींचे मत असे, की पडदा बंद असता त्या यंत्राला मुसहफाचे नियम लागू होत नाहीत.

जुन्या हदीसेतील भीती आज क्वचितच उरते, पण ती अगदीच निमाली असेही नाही. काही देशांत धार्मिक पुस्तकांवर जकातखात्याची करडी नजर असते. तेथे जाण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करावी, आणि आपला पंथ शाफई की हनफी हे सांगूनच मोहल्ल्यातील आलिमांना मसला विचारावा, कारण बारीकसारीक बाबतींत दोघांची उत्तरे भिन्न येतील. जीर्ण झालेल्या प्रतींची विल्हेवाट कशी लावावी, हा विषय पुढील आठवड्यात.