अनेक बोलींचा देश

आफ्रिका खंडाच्या पूर्वेस, हिंदी महासागराच्या काठी टांझानिया हा देश वसला आहे. आफ्रिकेतील सर्वांत उंच पर्वत किलिमांजारो याच देशात आहे. परंतु या देशाचे खरे वैभव त्याच्या माणसांत आहे. येथे सुमारे सव्वाशे जमाती नांदतात आणि बहुतेक प्रत्येक जमातीची भाषा निराळी आहे.

व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेस सुकुमा लोक शेती करतात व गुरे पाळतात. देशातील हीच सर्वांत मोठी जमात होय. किलिमांजारोच्या उतारावर चागा लोक केळी व कॉफी पिकवितात. डोंगरातील ओढ्यांचे पाणी पाटांनी शेतात आणण्याची विद्या त्यांना फार पूर्वीपासून अवगत आहे. उत्तरेच्या गवताळ प्रदेशात मसाई लोक आपले कळप चारतात. एयासी सरोवराजवळ हाड्झा लोकांची वस्ती आहे. त्यांची संख्या जेमतेम हजार-दीड हजार भरेल. त्यांतील काही जण अजूनही शिकार करून आणि मध व कंदमुळे गोळा करून निर्वाह करतात. हळहळ व्यक्त करताना आपण जिभेने 'च्च, च्च' असा आवाज काढतो. तशा प्रकारचे ध्वनी हाड्झा भाषेत शब्दांतील अक्षरांचे काम करतात.

इतक्या भिन्न लोकांनी एकमेकांशी बोलावे तरी कसे? हे काम स्वाहिली भाषेने केले. ही भाषा समुद्रकिनाऱ्यावर जन्मली. तिचे नावही 'किनारा' या अर्थाच्या अरबी शब्दावरून पडले आहे. तिची घडण आफ्रिकेची, पण मोसमी वाऱ्यांबरोबर गलबतांतून आलेल्या व्यापाऱ्यांचे पुष्कळ शब्द तिने आपलेसे केले. हिशेबाला स्वाहिलीत 'हेसाबू' म्हणतात, दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी' आणि रंगाला 'रांगी'. हे शब्द ऐकून मराठी मुलाला ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. पुढे व्यापारी तांड्यांबरोबर ही भाषा किनाऱ्यावरून दूर अंतर्भागात पोहोचली.

१९६१ साली टांगानिका स्वतंत्र झाला. १९६४ साली झांझिबारशी त्याचे एकीकरण होऊन आजचा टांझानिया अस्तित्वात आला. देशाचे पहिले अध्यक्ष ज्यूलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. लोक त्यांना 'म्वालिमू', म्हणजे गुरुजी, म्हणत. ते झानाकी या लहानशा जमातीत जन्मले होते. सुकुमांसारख्या मोठ्या जमातीची भाषा सर्वांवर लादली असती, तर इतरांच्या मनात दुजाभाव निर्माण झाला असता. स्वाहिली ही कोणत्याही मोठ्या जमातीची मिरास नव्हती; म्हणूनच ती सर्वांना आपली वाटू शकली. या भाषेत थोर साहित्य सामावू शकते हे दाखविण्यासाठी न्येरेरे यांनी स्वतः शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' या नाटकाचे स्वाहिलीत भाषांतर केले. ते १९६३ साली प्रसिद्ध झाले.

या ऐक्याला एका जुन्या चालीचेही साहाय्य झाले. तिला 'उतानी' म्हणतात. पूर्वी ज्या जमाती एकमेकींशी लढल्या किंवा व्यापारानिमित्त जवळ आल्या, त्यांतील माणसे एकमेकांची मनसोक्त थट्टा करतात आणि कोणी रागावत नाही. मात्र एखाद्याच्या घरी मृत्यू झाला, तर हेच थट्टेखोर सोबती मदतीला धावून येतात.

असे असले तरी या एकीसाठी काही किंमतही द्यावी लागली आहे. सरकारी प्राथमिक शाळांत शिक्षण स्वाहिलीतून मिळते. घरच्या बोलीला तेथे माध्यमाचे स्थान मिळाले नाही. शहरात वाढलेल्या कित्येक मुलांना आजीची बोली कळेनाशी झाली आहे. बोली नाहीशी झाली की तिच्यातील गाणी, कहाण्या, वनस्पतींची नावे हीदेखील हळूहळू लोपतात. सर्वांना जोडणारी भाषा जतन करावी आणि घरची बोलीही मावळू देऊ नये, ही दुहेरी जबाबदारी आता टांझानियाच्या नव्या पिढीवर आहे.