माळ्यावरचे ऊन



आमच्या संघाच्या स्मरणिकेत धान्याचे भाव, आडत, तोलाई व साठवण या विषयांवर दरवर्षी लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही गोदामाविषयी न लिहिता घराविषयी, त्यातही ज्याच्याकडे सहसा कोणी मान वर करून पाहत नाही त्या माळ्याविषयी लिहिणार आहोत. गोदामातील मालाची जी काळजी आम्ही जन्मभर वाहिली, ती घरातील माणसांची वाहिली नाही, ही कबुली त्या निमित्ताने द्यावयाची आहे.

आमचे राहते घर अथणीस आहे. बेळगाव जिल्ह्याचा हा पूर्वभाग कोरडा. येथील जुनी घरे माळवदाची. सागवानी तुळया, त्यांवर कडीपाट आणि त्यावर हातभर जाडीची पांढरी माती, अशी आमच्या वडिलांच्या वेळची रचना होती. वैशाखातही अशा घरात दुपारी डोळा लागत असे. परंतु दर पावसाळ्यापूर्वी माती चोपणारी माणसे मिळेनाशी झाली, गळती वाढली, आणि सन २०१४ मध्ये आम्ही सारी माती उतरवून वर लोखंडी पत्रे घातले. खाली फळ्यांची तक्तपोशी, वर पत्रा आणि मध्ये रिकामा माळा. छप्पर हलके झाले, गळती थांबली, आम्ही कृतकृत्य झालो. मातीबरोबर आणखी काय उतरविले, ते कळण्यास दोन उन्हाळे जावे लागले.

आमच्या मातोश्रींची खोली वरच्या मजल्यावर होती. पहिल्याच उन्हाळ्यात त्या आपले अंथरूण काखोटीस मारून खाली पडवीत येऊ लागल्या. "एवढी हवेशीर खोली सोडून येथे का निजतेस?" असे आम्ही विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "वर रात्रीसुद्धा ऊन पडतंय रे." आम्ही हसलो. म्हातारपणाचा हट्ट समजून खोलीत नवा विजेचा पंखा बसवून दिला आणि त्यांस पुन्हा वर पाठविले.

सन २०१६ च्या वैशाखात एके पहाटे त्या उठल्या नाहीत. सौभाग्यवतींनी हाक मारली तर उत्तर नाही. अंग तापलेले, जीभ कोरडी. सुदैवाने डॉक्टर वेळेवर आले आणि शिरेतून सलाईन दिल्यावर दुपारपर्यंत मातोश्रींनी आम्हांस ओळखले. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले : रात्री त्या कोठे निजतात, आणि पाणी किती पितात? सूर्यास्तानंतर मातोश्री पाण्याचा थेंब घेत नसत, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. रात्रभर घाम गाळणारी खोली आणि सूर्योदयापर्यंत पाणी नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्यांचा नियम आजन्म पाळलेला. तो मोडा असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे? दोष नियमाचा नव्हता, आमच्या छपराचा होता.

त्या रात्री आम्ही गोदामातील दोन तापमापक घरी आणून एक पडवीत व एक वरच्या खोलीत टांगला. रात्री दहा वाजता खाली ३१ अंश सेल्सिअस, वर ३६. ही पाच अंशांची थकबाकी दोन वर्षे आमच्या डोक्यावर होती आणि आम्ही ती कोणत्याच वहीत मांडली नव्हती.

यातील मर्म धान्याच्या व्यापाऱ्यास समजावून देण्याची गरज नाही. ढिगात मध्येच धान्य तापू लागले तर वरून हात लावणाऱ्यास ते थंडच लागते, कारण दाणे व दाण्यांमधील कोंडलेली हवा उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाहीत. जो गुण गोदामात घात करतो, तोच माळ्यावर उपकार करतो. कापूस, लोकर, गवत यांच्या अंगी ऊब राखण्याचा गुण येतो तो त्यांत अडकलेल्या स्थिर हवेमुळे. पत्र्यास असे अंग नाही. कडक उन्हात तो साठ अंशांपर्यंत तापतो, आपली धग खालच्या फळ्यांवर टाकतो, आणि त्या फळ्या रात्री उशिरापर्यंत ती आपल्या माथ्यावर उतरवीत राहतात. पंखा तीच तापलेली हवा अंगावर ढकलतो.

आपल्या घरास माळ्यावर उष्णतारोधक थर हवा, अथवा असलेला थर अपुरा आहे, हे ओळखण्याच्या खुणा आम्ही अनुभवाने सांगतो. रात्री नऊ-दहा वाजता तक्तपोशीस तळहात लावावा. भिंतीपेक्षा ती उष्ण लागली तर पहिली खूण पटली. खालच्या व वरच्या खोलीत एकाच वेळी तापमापक ठेवावे. सूर्यास्तानंतरही तीन-चार अंशांचा फरक टिकला तर दुसरी. तिसरी खूण हिवाळ्याची : मार्गशीर्ष-पौषातील पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगास पाण्याचे थेंब दिसतात. आम्ही त्यास गळती समजत होतो, पण पाऊस नसताना गळती कोठली? घरातील उबदार दमट हवा वर चढून थंड पत्र्यास लागते व तिचे पाणी होते. गोदामात पत्र्याला घाम आला म्हणून वरच्या थप्पीवर बुरशी धरलेली आपण पाहिलीच आहे. तोच हा प्रकार. चौथी खूण माणसांची, आणि ती सर्वांत खरी : घरातील वृद्ध व लेकरे एखादी खोली आपण होऊन टाळू लागली, तर त्यांस हट्टी म्हणण्यापूर्वी छत पाहावे.

थर आधीच घातला असेल तरी निश्चिंत राहू नये. तो दबून पातळ झाला, उंदरांनी पोखरला, अथवा कडेने फटी पडल्या तर उपयोग निम्म्यावर येतो. आणि भिजलेला थर उष्णता अडवीत नाही. म्हणून गळती आधी बंद करावी. उलट, केवळ पश्चिमेची भिंत तापत असेल तर दोष माळ्याचा नव्हे. तेथे पडदी किंवा झाड हवे.

फुकट मिळतात म्हणून गोणपाट व भुसा माळ्यावर भरण्याचा मोह आम्हांसही झाला होता. तसे कोणी करू नये. विजेच्या तारांपाशी तो आगीस आमंत्रण, आणि त्यात होणारी जीवोत्पत्ती आपणांस ठाऊक आहे. आम्ही चार इंच जाडीची दगडी लोकर फळ्यांवर सलग अंथरली, दोन्ही टोकांच्या भिंतींस जाळीचे झरोके ठेवून तापलेल्या हवेस वाट दिली आणि पत्र्यास वरून पांढरा रंग लाविला. पुढल्या वैशाखात दोन खोल्यांतील फरक एका अंशावर आला.

ही काळजी आता केवळ घरगुती राहिलेली नाही. सन २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेने अनेकांचे प्राण घेतले. त्यानंतर सन २०१३ मध्ये त्या नगराने उष्णतेपासून बचावाची योजना आखली. तेलंगणाने सन २०२३ मध्ये शीतल छपराचे धोरण जाहीर केले. हैदराबादेतील आमच्या बांधवांनी त्याकडे अवश्य लक्ष द्यावे.

मातोश्री पुन्हा वर निजू लागल्या. पहिल्या सकाळी आम्ही भीत भीत विचारले, "झोप लागली का?" त्या म्हणाल्या, "आता वर रात्र होतीय बघ."

येत्या फाल्गुनात, उन्हे चढण्यापूर्वी, प्रत्येक बंधूने शिडी लावून एकदा आपला माळा पाहावा, आणि त्याखाली कोण निजते ते आठवावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.