नांदगावची थंडी आणि डोक्यावरचे छप्पर

घर बांधावयास निघालेला माणूस दार कोणत्या दिशेला असावे हे चार जणांना विचारतो. वर काय घालावे हे मात्र दुकानातला भाव ठरवितो. आपल्याकडे पाऊस बेताचा. तेव्हा गळले नाही म्हणजे छप्पर चांगले, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पण मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातील निफाडला तो ५ अंशांच्याही खाली उतरल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. छपराची खरी परीक्षा या दोन टोकांत होते.

थंडीत पहाटे पत्र्यातून पाणी का टपकते, हा प्रश्न मला अनेक चाळींतून विचारला गेला आहे. बायामाणसे म्हणतात, दंव आत येते. दंव आत येत नाही. ते आतच तयार होते. निरभ्र आकाशाखाली पत्रा रात्रभर आपली उष्णता वर सोडीत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. खोलीत पाच-सहा माणसे निजलेली. त्यांचा श्वास, चुलीवरची वाफ, ही सारी ओल गार पत्र्याला लागली की तिचे पाणी होते. लोक ऊब राहावी म्हणून फटींत चिंध्या कोंबतात, आणि टपकणे वाढते. उपाय नेमका उलटा आहे. पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे छत ठोकावे आणि मधल्या पोकळीला दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. ऊब तट्ट्याखाली राहते, वर गेलेली ओल झरोक्यांतून निघून जाते. उन्हाळ्यात तापलेली हवाही त्याच वाटेने जाते. पत्रा बसविताना हुक नालीत नव्हे, उंचवट्यावर मारावा आणि त्याखाली वायसर घालावा. नालीतल्या भोकातून पाणी आत येणारच. आणि पत्र्यावर दगड ठेवण्याची रीत आता सोडावी. वळवाच्या वादळात पत्रा उचलला गेला की तो दगड खाली निजलेल्या पोराच्या अंगावर येतो.

आपल्या वाडवडिलांचे धाबे या बाबतीत शहाणे होते. तुळया, कड्या, त्यावर किलच व पाला, आणि वर हातभर माती. एवढ्या जाड मातीतून उष्णता उतरावयास कित्येक तास लागतात. दुपारचे ऊन खाली पोहोचते तो रात्र झालेली असते, आणि रात्रीची थंडी पोहोचते तो सकाळ. मात्र धाबे आळशी माणसाचे नव्हे. मृगापूर्वी गवत मुळासकट काढणे, चिरा बुजविणे, चोपणे, पन्हळी मोकळ्या करणे हे दरसाल आलेच. येथे एक चूक पिढ्यान्‌पिढ्या होत आली. दरवर्षी नवी माती घालावयाची, पण जुनी काढावयाची नाही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर फूटभर माती म्हणजे सुमारे साडेचार टन वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती फुटल्या, आणि वरची माळवदे खाली आली. दोष भिंतींचा मोठा होता, पण ओझे मातीचे होते. म्हणून जितकी नवी माती घालाल तितकी जुनी आधी खरवडून काढा, आणि तुळईचे भिंतीतले टोक दरवर्षी टोचून पाहा. वाळवी तेथूनच सुरू होते.

मंगलोरी कौलांविषयी थोडेच सांगतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला त्यांचा कारखाना काढला, आणि ती देशभर पसरली. फटींतून वारा येतो, पण चुलीचा धूर कोंडत नाही. फुटले तर एकच कौल बदलता येते, ही गरिबाची मोठी सोय. स्लॅबला उतार देऊन कोबा करावा, पावसाच्या नळ्या साफ ठेवाव्यात आणि उन्हाळ्यापूर्वी वर चुन्याचा पांढरा हात द्यावा.

सिमेंटच्या पत्र्याविषयी मात्र मला सविस्तर बोलणे भाग आहे. तो गंजत नाही, लोखंडी पत्र्याइतका तापत नाही. म्हणून लोक तो घेतात. पुष्कळशा अशा पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात, आणि ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अशा कारखान्यांतील कामगारांच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर ठेवावी असा आदेश दिला. इतकी मुदत का? कारण छातीत गेलेली धूळ वीस-तीस वर्षांनी बोलते. कारखान्यातल्या कामगारासाठी निदान नोंदवही तरी झाली; तोच पत्रा आपल्या अंगणात करवतीने कापणाऱ्या मिस्त्रीसाठी ती कोण ठेवणार?

नवा घेताना, ॲस्बेस्टॉस नसलेला पत्रा आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. जुना शाबूत असेल तर त्याला उगीच हात लावू नका. त्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशाने घासू नका. काढावाच लागला तर पाणी मारून ओला करा, हुक सोडवून अख्खा उतरवा, मुलांना लांब ठेवा. पडलेला चुरा झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. त्या दिवशीचे मिस्त्रीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत, हे त्याच्या घरीही कळवा.