प्राणहितेचा फुगवटा आणि काठची शेती

समुद्राची पातळी वाढली म्हणजे केवळ किनाराच पाण्याखाली जातो असे नाही. कोकणातील खाड्यांत भरतीच्या वेळी नदीचे पाणी अडून मागे चढते, हे सर्वपरिचित आहे. समुद्रापासून दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातही हीच क्रिया घडते. मात्र तेथे समुद्राची जागा गोदावरी घेते.

वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता सुरू होते आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. प्रवाहाचा वेग पाण्याच्या पृष्ठभागाच्या उतारावर अवलंबून असतो. गोदावरी तुडुंब भरली की हा उतार कमी होतो, प्रवाह मंदावतो व पाणी वरच्या अंगास साचते. यासच फुगवटा म्हणतात. अशा वेळी काठचे नाले नदीत रिते न होता उलट भरू लागतात, आणि नदीपासून दूरची शेतेही बुडतात.

संगमाच्या खाली मेडिगड्डा येथे तेलंगणाने बांधलेला ८५ दरवाजांचा बंधारा २०१९ साली कार्यान्वित झाला. २०१६ च्या आंतरराज्य करारात त्याची जलपातळी १०० मीटर ठरली होती. जुलै २०२२ मध्ये गोदावरी खोऱ्यातील अतिवृष्टीने महापूर आला व सिरोंचा तालुक्यातील काठची गावे जलमय झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचल्यावर साठा सोडून देण्यात आला.

या भागात धान, कापूस व मिरची ही पिके होतात. धान काही काळ पाणी सोसते. कापूस व मिरची यांची मुळे मात्र हवेअभावी लवकर कुजतात. पावसाळ्यानंतर उघड्या पडणाऱ्या जमिनीवरील गाळपेरही, साठा ओसरला नाही तर, होऊ शकत नाही.

खरा प्रश्न सीमारेषेचा आहे. बंधाऱ्याजवळची पातळी हीच सर्वत्र राहील असे मानून बुडीत क्षेत्र आखले, तर ते अपुरे ठरते. कारण वाहत्या पुराचा पृष्ठभाग सपाट नसून वरच्या अंगास चढत जातो. या रेषेबाहेरची जमीन कागदोपत्री कोरडी राहते. तिच्या मालकास ना भूसंपादनाचा मोबदला मिळतो, ना पिकाची शाश्वती उरते. सिरोंचाच्या शेतकऱ्यांनी भूसंपादनाची मागणी केली, ती याच स्थितीतून. म्हणून बुडिताची रेषा स्थिर साठ्यावरून नव्हे, तर पुराच्या चढत्या पृष्ठभागावरून आखणे हेच शास्त्रास व न्यायास धरून होईल.