मागच्या सीटचा धक्का

गझलेत काफियाच्या मागोमाग येणाऱ्या शब्दाला रदीफ म्हणतात. अरबीत रदीफ म्हणजे सवारीवर दुसऱ्याच्या मागे बसणारा माणूस. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या मागे बसून प्रवास केलेल्या सहाबांच्या अनेक आठवणी हदीसमध्ये आहेत. हजच्या वेळी फज्ल बिन अब्बास (रजि.) असे बसले होते. स्त्रिया बसलेले उंट वेगाने हाकणाऱ्या अंजशा यांना प्रेषितांनी सावकाश चालण्याची ताकीद दिली आणि त्या वेळी स्त्रियांना काचेची उपमा दिली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे.

आपल्या घरात ती सवारी म्हणजे शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल. चालवणारा बहुतेक मुलगा किंवा शौहर, मागे अम्मी, बीवी, फूफी. पुढच्याला खड्डा आधी दिसतो. हँडल हातात, पाय फूटरेस्टवर, तो सीटवरून किंचित उठतो आणि निभावतो. मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला खड्डा दिसत नाही आणि दोन्ही पायांवर जोर देऊन उठताही येत नाही. सगळा धक्का सरळ कमरेत. मग हळूहळू "तुम्ही जाऊन या, मला नको" सुरू होते. लग्नाला जाणे टळते, पुढे डॉक्टरची तारीखही टळते. हाडे ठिसूळ झालेल्या वयात सीटवरून उसळून जोरात आदळल्याने पाठीचा मणका दबू शकतो, म्हणून ही तक्रार नखरा समजू नये.

घरोघरी यावर दोन उत्तरे ऐकू येतात. एक, "रस्तेच असे आहेत." दुसरे, "भारी शॉकअप टाकून घे." रस्ता आपल्या हातात नाही, हे खरे. पण नवे शॉकअप घेण्याआधी जे करायचे असते ते बहुतेकांनी केलेलेच नसते, आणि त्याला पैसा लागत नाही.

मोटारसायकलची मागची सीट जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर येते. त्यामुळे मागे बसणाऱ्याचे बहुतेक सगळे वजन मागच्या दोन शॉकअपवर पडते, पुढच्या फोर्कवर फार थोडे. गाडी एकट्याने चालवताना शॉकअप जेवढे दबलेले असतात, त्यापेक्षा दुसरा माणूस बसताच बरेच जास्त दबतात. आता खड्डा आला, तर आणखी दबायला जागा कुठे उरली? उरलेली थोडी जागा संपते आणि ठक्क असा आवाज येतो. तो शॉकअप तळाला लागल्याचा. म्हणजे मऊ ठेवलेला शॉकअप दोघांच्या वजनाखाली उलट जास्त आपटतो.

यासाठीच मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला खाली (काही गाड्यांत वर) खाचांची रिंग असते. स्प्लेंडरला अशा पाच खाचा आहेत, पल्सर 150 ला पाच, नव्या क्लासिक 350 ला सहा, अॅक्टिव्हा 6जी ला तीन. टूलकिटमधल्या वाकड्या तोंडाच्या पान्याने ती फिरवता येते. कित्येक गाड्यांची रिंग शोरूममधून निघाल्यापासून त्याच खाचेत गंजलेली दिसते. तशी असेल तर आधी ब्रशने माती काढा, तेल सोडा, थोड्या वेळाने फिरवा.

इथे एक गैरसमज आहे आणि तो चांगल्या मिस्त्रींच्या तोंडीही ऐकू येतो: रिंग चढवली की स्प्रिंग कडक होते. साध्या स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेवर आणि वेटोळ्यांवर ठरतो, तो रिंगने बदलत नाही. रिंग स्प्रिंगला आधीच थोडी दाबून ठेवते, त्यामुळे गाडी मागून उचललेली राहते आणि दबायला जागा मिळते. म्हणून दोघे बसणार असाल तर खाच चढवा, एकटेच कामावर जाणार असाल तर उतरवा. एकट्याने चढवलेल्या खाचेवर गाडी टणटण उडते, त्यावरूनच 'कडक' हा शब्द आला असावा. दोन्ही बाजूंची खाच मात्र एकच हवी. अम्मी डावीकडे पाय सोडून बसतात म्हणून फक्त डावा शॉकअप चढवणे चुकीचे आहे.

किती चढवायचे ते अंदाजाने ठरवू नका, मापा. गाडी मेन स्टँडवर घ्या, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. चाकाच्या आसाच्या नटापासून सरळ वर, सीटच्या कडेला चिकटपट्टीची खूण करा आणि टेपने अंतर मोजा. मग गाडी स्टँडवरून उतरवून चालवणारा आणि मागे बसणारी व्यक्ती दोघेही रोजच्यासारखे बसा. तिसऱ्याने तेच अंतर पुन्हा मोजायचे. दोन मापांतला फरक म्हणजे गाडी किती बसली ते. चाकाला वर जायला एकूण जेवढी जागा कंपनीने दिली आहे, तिच्या तिसऱ्या भागाच्या आसपास हा फरक असावा. जुन्या क्लासिक 350 ला मागे 80 मिलिमीटर जागा होती, म्हणजे तिथे 25 ते 30. प्लॅटिना 100 ला मागे 110 मिलिमीटर आहे, तिथे 35 ते 40. थोडे जास्त भरले तर चालेल, निम्म्यावर गेले तर एक खाच चढवा आणि परत मापा. मुलांना हे काम फार आवडते.

हवा याच दिवशी तपासा. बहुतेक गाड्यांच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत मागच्या टायरचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि दोघांसाठी. पंपवाला सगळ्यांना एकच हवा भरतो. जास्त हवेचा टायर दगडासारखा होतो आणि बारीक खडबड सीटपर्यंत पोचवतो. कमी हवेत गाडी डुलते आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. टायर गार असताना मापावी.

एवढे करूनही धक्का राहिला, तर शॉकअप थकला आहे का ते पाहायचे. शॉकअपमध्ये दोन कामे असतात. स्प्रिंग धक्का पोटात घेते, आणि आतले तेल बारीक छिद्रांतून जाताना तिची उसळी आवरते. तेल गळले की फक्त स्प्रिंग उरते, आणि ती घेतलेला धक्का तेवढ्याच जोराने मागे फेकते. सीटचा मागचा भाग जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा झुलली तर तेलाचे काम संपले. दांड्यावर तेलकट काळा थर दिसला तर उत्तर मिळालेच. दोन्ही टोकांचे रबरी बुशही बघा. ते फाटले की खटखट येते आणि दोष शॉकअपवर जातो. चाक धरून आडवे हलवल्यावर चिमटा खेळत असेल तर चिमट्याचे बुश बदलायचे. त्याचा खर्च शॉकअपच्या मानाने किरकोळ असतो.

बदलायचेच ठरले तर जोडीने बदला, एक जुना एक नवा नको. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला कंपनीचा किंवा तिला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या कारखान्याचा शॉकअप बहुतेकांना पुरतो. छत्रपती संभाजीनगरची एन्ड्युरन्स आणि चाकणला कारखाना असलेली गॅब्रिएल ही त्यांतली नावे आपल्याच राज्यातली. पल्सरवर 'नायट्रॉक्स' लिहिलेले दिसते, तो नायट्रोजन वायू भरलेला प्रकार. साध्या शॉकअपमध्ये लांबच्या खडबडीत रस्त्यावर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि उसळी आवरेनाशी होते. दाबाखालचा वायू हे रोखतो. गावाकडे दोघांनी नेहमी साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्यांना त्याचा फरक कळेल. रोज दवाखाना आणि बाजार एवढीच गाडी फिरत असेल तर तो खर्च मी करणार नाही. थायलंडच्या वायएसएस किंवा स्वीडनच्या ओलिन्सचे शॉकअप बुलेटवाल्यांच्या शौकाचा विषय आहे.

दुकानदार "हेवी ड्युटी" म्हणून जास्त कडक स्प्रिंगची जोडी पुढे करतो. सगळ्यात वरच्या खाचेवरही गाडी निम्म्याहून अधिक बसत असेल, तरच ती घ्या. मागे बसणाऱ्या अम्मींचे वजन 45 किलो असेल तर ती स्प्रिंग दबणारच नाही आणि त्रास वाढेल. वजन सांगून माल मागा. शॉकअपखाली लोखंडी तुकडा जोडून गाडी उंच करण्याचा प्रकारही गॅरेजमध्ये चालतो. त्याने गाडीचा तोल बदलतो, स्टँड नीट टेकत नाही, आणि वयस्क बाईला चढणेही अवघड होते.

चढण्यावरून आठवले. मागच्या सीटचा फोम काही वर्षांत बसतो आणि खालचा पत्रा लागू लागतो. सीट भरून घेणे हे शॉकअपपेक्षा स्वस्त काम आहे. त्याच वेळी पकडायचा दांडा आणि साडीगार्ड शाबूत आहे ना ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 123 व्या नियमानुसार पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणारे संरक्षण असल्याशिवाय मागच्या सीटची गाडी बनवता येत नाही. दिसायला बरी वाटावी म्हणून पोरे साडीगार्ड काढून ठेवतात आणि त्याच गाडीवर बुरख्यातल्या बहिणीला बसवतात. ओढणी किंवा अबायाची कड चाकात जायला क्षण लागतो. जमेल तिथे दोन्हीकडे पाय टाकून बसणे जास्त सुरक्षित आहे. सलवार असेल तर अडचण नाही, आणि खाली सलवार असलेला समोरून उघडणारा अबाया असेल तरी अडचण नाही. घरातल्या मोठ्यांनी यावर भुवया उंचावू नयेत.

आता गतिरोधक. भारतीय रोड काँग्रेसच्या मापानुसार गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा, आणि तो ताशी 25 किलोमीटरच्या वेगासाठी आहे. आपल्या गल्लीतले डांबराचे उंचवटे या मापाचे नसतात, त्यामुळे तिथे 25 सुद्धा जास्त होतो. ब्रेक आधी लावा आणि चाक चढण्यापूर्वी सोडा. ब्रेक दाबून धरला तर पुढचे फोर्क आधीच दबलेले असतात, मागचा माणूस पुढे ढकलला जातो आणि मागचे चाक चढताना वर फेकला जातो. त्याआधी फक्त "अम्मी, ब्रेकर आला" एवढे म्हणा. पकड घट्ट होते.

नवे शॉकअप बसवल्यावर ट्रायल मिस्त्रीला एकट्याने घेऊ देऊ नका. ज्यांच्यासाठी बदलले त्यांना मागे बसवून घराजवळच्या सगळ्यात खराब रस्त्यावरून एक फेरी मारा आणि खाच त्यांना विचारून ठरवा.