फूल उलटं करून बघताना

सप्टेंबर संपत आला की मॅसॅच्युसेट्समधल्या रस्त्याकडेच्या पडीक जागा पिवळ्या-जांभळ्या होतात. पिवळा तो गोल्डनरॉड. जांभळ्याला सगळेच 'ॲस्टर' म्हणून मोकळे होतात. व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आई म्हणाली, "अगं, हा तर आपला दसऱ्याच्या हारातला!" तो नव्हे. हारातला मूळचा चीनचा, त्याचं शास्त्रीय नाव कॅलिस्टेफस. आणि गंमत म्हणजे इथलाही आता कागदोपत्री ॲस्टर राहिलेला नाही. लिनियसने १७५३ मध्ये 'ॲस्टर' म्हणून नोंदवलेलं हे झाड १९९०च्या दशकात सिम्फायोट्रायकम या बोजड नावाच्या घरात गेलं. लोक अजून न्यू इंग्लंड ॲस्टरच म्हणतात, मीही.

तो ओळखायचा कसा? रंगावर जाऊ नये. गडद जांभळ्यापासून गुलाबीपर्यंत काहीही निघतो. गेल्या वर्षी ओढ्याकाठी मी खोड चाचपलं, खरखरीत लव लागली. पानाच्या बुडाला दोन कानासारखे भाग, त्यांनी खोडाला धरलेलं. झालं, न्यू इंग्लंड ॲस्टर, असं वहीत लिहून टाकलं. तो निघाला पर्पल-स्टेम्ड ॲस्टर. त्यालाही लव असते, त्याचीही पानं खोडाला धरून असतात, आणि ओल तर त्याला फारच प्रिय.

यंदा सकाळी सातलाच गेले. सगळी फुलं मिटलेली! रात्री आणि ढगाळ हवेत ती मिटतात, हे ध्यानातच नव्हतं. थर्मासमधला चहा संपवून दहाला परत गेले, तेव्हा उघडली होती आणि भुंगे लोंबकळत होते. एक फूल धरून 'पाकळ्या' मोजल्या. खरं तर ती एकेक स्वतंत्र फुलंच, शेवंतीच्या कुळात हीच रीत. पन्नाशी ओलांडल्यावर दोनदा चुकले, मग नाद सोडला. तेवढं पुरे होतं, कारण न्यू यॉर्क ॲस्टरला त्या साधारण पस्तिसाच्या आतच असतात. मधली पिवळी चकती जुन्या फुलांत तांबूस झालेली.

मग फूल उलटं केलं. खाली हिरव्या, बारीक, टोकदार पात्यांची वाटी असते. भिंगातून त्या पात्यांवर टाचणीच्या डोक्यासारख्या ग्रंथी दिसल्या, आणि बोट लावल्यावर ते किंचित चिकटलं. पर्पल-स्टेम्डची वाटी अशी चिकटत नाही. गेल्या वर्षी मी फूल उलटं केलंच नव्हतं.

रात्री आईला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हार होईल का याचा?"

"अगं, संध्याकाळी मिटतं ते."

"मग काय उपयोग," आई म्हणाली.