रुईच्या झुडपापाशी कॅमेरा

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडलगत मिहान या औद्योगिक प्रकल्पाचा मोकळा परिसर पसरला आहे. अशा मोकळ्या जागेत रुई आणि टणटणीची झुडपं दिसली, की छंद म्हणून फोटोग्राफी शिकणाऱ्याची फुकटची शाळाच भरली समजा.

प्लेन टायगर हे फुलपाखरू रुईच्या पानांवर अंडी घालतं, सुरवंटही तीच पानं खातात. म्हणून फुलपाखरामागे धावू नका, झुडपापाशी थांबा. बहुतेक कीटकांचं अंग उन्हाने तापतं, त्यामुळे सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. अगदी जवळून टिपताना जेमतेम काही मिलिमीटरचाच भाग स्पष्ट येतो. पंख मिटलेले असतील तर कॅमेरा त्यांना समांतर धरा. समोरून टिपत असाल तर फोकस डोळ्यांवर ठेवा. मोबाइलला क्लिपची मॅक्रो लेन्स लावली तरी सुरुवात होते.

असा सराव घरीही होतो. घरच्या कुत्र्याचा फोटो उभ्याने काढला तर पाठच दिसते. खाली बसा, त्याच्या नजरेला नजर द्या. धावत असेल तर शटर १/१००० सेकंद ठेवा. घरात टिपताना फ्लॅशऐवजी खिडकीचा तिरपा उजेड वापरा.

एक पथ्य मात्र पाळा: कीटक फ्रिजमध्ये गारठवून किंवा चिकटवून फोटो काढायचा नाही.